भिंतीवर काय यावे, हे कोणी ठरवायचे?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणे, स्थानकांलगतच्या भिंती रंगू लागल्या आहेत आणि त्यांवर वारली चित्रांची नक्कल हमखास असते. पानाच्या पिचकाऱ्यांपेक्षा ती कधीही बरी. पण भिंत रस्त्यावर आहे, तिकीट लागत नाही, एवढ्याने चित्र सार्वजनिक होते का? मला तसे वाटत नाही. भिंतीवर काय यावे हे ठरवताना तिच्यासमोर राहणाऱ्यांना विचारले गेले, तर ते चित्र त्यांचे.

या चित्रांचे माहेर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, २०१४ साली पालघरमध्ये गेलेल्या डहाणू-तलासरीकडे आहे. कुडाच्या भिंतीला गेरू देऊन, तांदळाच्या पिठात बुडवलेल्या काडीने सुवासिनी लग्नचौक काढतात; चौकात पालघाट देवी बसते आणि मगच लग्न लागते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णींनी या पाड्यांवर कागद नेला, जिव्या सोमा म्हसे यांनी ही रेषा जगभर पोहोचवली. मात्र ज्या लग्नासाठी हा चौक, त्याच लग्नाचे कर्ज फेडताना वारली माणूस सावकाराचा ‘लग्नगडी’ होऊन राबत असे. ती वेठ मोडायला १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांसोबत वारली उठले. आपल्या भिंतींवर तारपा नाच सर्रास दिसतो. तो उठाव किती ठिकाणी दिसतो?

अमेरिकेत मेक्सिकन वंशाच्या, स्वतःला चिकानो म्हणवणाऱ्या लोकांनी भिंतीवर काय यावे हे कोणी ठरवायचे, याच प्रश्नावर लढा दिला. सॅन दिएगोत वस्ती पाडून पूल झाला. बागेसाठी कबूल केलेल्या जागी पोलीस ठाण्याचे काम सुरू होताच २२ एप्रिल १९७० रोजी रहिवाशांनी बुलडोझर अडवले. बाग मिळाली आणि १९७३पासून पुलाच्या खांबांवर त्यांनी आपला इतिहास रंगवला. वस्तीला विषय ठरवू दिला की दर्जा घसरतो, हा आक्षेप मला मान्य नाही. लॉस एंजेलिसमध्ये जूडी बाका या प्रशिक्षित चित्रकर्तीने १९७६पासून चारशेहून अधिक मुलामुलींना हाताशी धरून सुमारे आठशे मीटरची भिंत रंगवली. विषय वस्तीचा आणि हात कसबी, हे एकत्र नांदू शकते.

वाद होतील, हा आक्षेप अधिक खरा आहे. त्याच शहरात १९३२ साली मेक्सिकन चित्रकार सिकेरोस यांना उष्ण कटिबंधाचे देखणे चित्र काढायला सांगितले होते. त्यांनी क्रुसावर बांधलेला आदिवासी काढला आणि काही वर्षांत त्यावर पांढरा रंग फासला गेला. २०१२ साली तीच भिंत जपून लोकांसाठी खुली केली. खड्डे बुजत नसताना हा खर्च कशाला, असेही कोणी म्हणेल. पण सुशोभीकरणाचा पैसा खर्च होतोच आहे; प्रश्न निवडीचा आहे. उन्हापावसात चित्र टिकत नाही म्हणावे, तर लग्नचौकही दर लग्नात नव्याने निघतो, आणि १९९९पासून पाडव्याची शोभायात्रा काढणारी डोंबिवली रस्त्यावरची रांगोळी पुसली जाणार हे जाणूनच घालते. तेव्हा महापालिकांनी निविदेत चौरस फुटांचा दर लिहिण्याआधी त्या त्या वस्तीची सभा बोलवावी, खाडीकाठच्या कोळीवाड्यात कोळ्यांना विचारावे, आणि वारली रेषा हवीच असेल तर ती काढायला, विषय निवडण्याच्या अधिकारासह, पाड्यावरच्या चित्रकारांना बोलवावे.