सॅम्सो बेटावरील शिक्षक आणि तेलाचा प्रश्न

१९७३ साली तेलाचे भाव एकाएकी भडकले, तेव्हा डेन्मार्कच्या एकंदर ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा परदेशी तेलातून येत होती. रविवारी खाजगी मोटारी चालविण्यास त्या सरकारला बंदी घालावी लागली. त्याच देशातील सॅम्सो या बेटाची हकीकत शिक्षक बंधुभगिनींनी ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्या केंद्रस्थानी एक शिक्षक आहे.

बेटाचा विस्तार ११४ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे चार हजार, मुख्य धंदा शेती. हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी तेल जळे, ते जहाजाने येई. वीज समुद्रतळावरील तारेने येई. १९९७ साली सरकारने स्पर्धा लावली की, वारा, सूर्य व शेतातील काड यांवर आपली गरज कोणते बेट भागवील? सॅम्सोचा आराखडा निवडला गेला. तो मात्र बेटाबाहेरच्या एका अभियंत्याने रचलेला होता, बक्षिसाची रक्कमही नव्हती, आणि बेटवासीयांना त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते.

शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले आणि तेथेच पर्यावरण हा विषय शिकविणारे सोरेन हर्मानसेन यांनी हे काम अंगावर घेतले. जेथे म्हणून चार माणसे जमत, तेथे ते हा विषय काढीत. गावातील एकदोन वजनदार माणसे वळली की इतर त्यांच्यामागून येतात, हे ते ओळखून होते. यात आपला लाभ काय, असे लोक विचारीत. शहरातील सुधारकास हा प्रश्न क्षुद्र वाटला असता. वस्तुतः तोच खरा प्रश्न होता. पवनचक्कीच्या विजेला दहा वर्षे ठराविक भावाची हमी होती, हेही सांगितले पाहिजे. नुसत्या उत्साहावर कोणी शेतकरी कर्ज काढीत नाही.

२००० साली जमिनीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी नऊ शेतकऱ्यांच्या व दोन सहकारी मालकीच्या होत्या, आणि त्या दोहोंत शेकडो बेटवासीयांचे भाग होते. स्वतःचा भाग असलेल्या चक्कीचा आवाज कानाला कमी टोचतो! २००३ पर्यंत समुद्रातही दहा चक्क्या फिरू लागल्या. त्यांतील पाच नगरपालिकेच्या. काही गावांत गव्हाचे काड सामाईक भट्टीत जाळून तापविलेले पाणी जमिनीखालच्या नळांनी घरोघर खेळविण्यात आले, व घरोघरच्या तेलाच्या भट्ट्या सुटल्या.

तरीही मोटारी, ट्रॅक्टर व बोटी तेलावरच चालत राहिल्या. त्याची भरपाई म्हणून समुद्रातील चक्क्यांची वीज मुख्य भूमीस जाते असा हिशेब मांडतात. हिशेब जुळतो, पण जळालेले डिझेल ते जळालेच. २०१५ साली नगरपालिकेने द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी बोट आणली. तो वायूही भूगर्भातलाच असल्याने, शेण व टाकाऊ पदार्थांपासून बेटावरच वायू तयार करण्याचा विचार पुढे आला.

आपल्या खेड्यात पंप, ट्रॅक्टर व मोटारी यांसाठी महिन्याला किती तेल येते आणि त्यापायी किती रुपये गावाबाहेर जातात, हे गणित सातवीच्या वर्गाला घरोघर विचारून मांडता येईल.