विद्यार्थ्यांच्या मनाला कायद्याचा आधार हवा
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा संक्षेप)



 

आपल्या वरठीला रेल्वे आहे, सनफ्लॅगचा कारखाना आहे. भंडारा रोड स्टेशनवरून आपली मुलं-मुली नागपूरला शिकायला जातात. काही तर पुण्या-मुंबईपर्यंत पोचली. कित्येक घरांतली ती पहिलीच पदवी. आपण फी भरतो, डबा देतो आणि "नाव काढ बापा" म्हणून गाडीत बसवून देतो. पण तिकडे पोराचं मन कसं आहे, हे विचारणारा कोण? पोरगी फोनवर म्हणते, "आई, मले इथं करमत नाही." आपण म्हणतो, "मन घट्ट कर, बाकीचे शिकतात नं!" विषय संपला. ताप आला तर आपण दवाखान्यात नेतो, मन आजारी पडलं तर लपवतो. लोक पागलखान्याचं नाव घेतील, ही भीती. धम्मात मनाला अग्रस्थान आहे आणि आपण मनाच्याच दुखण्याची लाज बाळगतो!

बंधू-भगिनींनो, हा एकट्या घराचा प्रश्न नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्यातली आदिवासी समाजाची ही मुलगी स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठांनी जातीवरून छळ केला, असा तिच्या कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पुढे राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता उच्च शिक्षणातल्या जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी आपलं दुःख घरात कोंडलं नाही. त्याला हक्काच्या मागणीचं रूप दिलं.

आता कोणी म्हणेल, कायदे नाहीत काय? आहेत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. संस्थाप्रमुखाने तक्रारीची सात दिवसांत चौकशी करायची आहे. संसदेने २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा केला. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचाही हक्क त्यात आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नव्हे, तो तीव्र ताणाखाली आहे असं कलम ११५ ने मानलं. त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरली.

मग कमी कुठे आहे? रॅगिंगचा कायदा घडून गेल्यावर शिक्षा करतो. २०१७ चा कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत आलेल्याला हात देतो. पण होस्टेलच्या खोलीत रात्री जागणाऱ्या पोरापर्यंत पोचणारा माणूस या दोन्ही कायद्यांत नाही. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने ओळखली. २५ जुलै २०२५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. आणि योग्य कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक राहतील, असंही म्हटलं.

'कायदा होईपर्यंत' हे शब्द लक्षात ठेवा. आरोग्य हा विषय संविधानाच्या राज्य सूचीत आहे, शिक्षण समवर्ती सूचीत. म्हणजे आपली विधानसभा कायदा करू शकते. कोचिंग क्लासपुरता का होईना, राजस्थानच्या विधानसभेने २०२५ मध्ये कायदा मंजूर केला. महाराष्ट्राने सर्व महाविद्यालयांसाठी का करू नये?

त्या कायद्यात काय हवं? पहिली गोष्ट, समुपदेशकाचं कायम पद आणि त्याचा पगार शासनाकडून. नाही तर ग्रामीण कॉलेज एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात ते काम अडकवेल आणि कागद पूर्ण करेल. दुसरी, तो समुपदेशक आपल्या पोरांची भाषा आणि जातीचा चटका समजणारा असावा. अपमान सोसणाऱ्याला नुसतं 'सकारात्मक विचार कर' म्हणून भागत नाही. भेदभावाची चौकशी वेगळी आणि ठरल्या मुदतीत झाली पाहिजे. तिसरी, शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून कोणाची परीक्षा किंवा निकाल अडवू नये. पैशाचा घोर हासुद्धा मनाचा आजार वाढवतो. चौथी, प्रत्येक संस्थेचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे यावा.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं. मुलाला नुसती शाळा पुरत नाही, डोक्यावर छप्पर आणि पोटात अन्न लागतं, हे त्यांनी जाणलं होतं. आज त्या वसतिगृहात ऐकून घेणारा माणूसही लागतो. याच भंडाऱ्यातून १९५४ मध्ये बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. पण कायदा हे दुबळ्याचं हत्यार आहे, ही शिकवण हरली नाही.

म्हणून माझी विनंती आहे. विहारात ठराव करा, आमदारांना निवेदन द्या. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. ते आपल्याला दूर नाही. पण कायद्याची वाट पाहत घरात गप्प बसू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. फोनला पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि पोरगं "करमत नाही" म्हणालं, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. मार्क नंतर विचारा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण सांगतो. ते करायला आपली पोरं जिवंत आणि आनंदी राहिली पाहिजेत.

नमो बुद्धाय, जयभीम!