मोटारीचे दिवे आणि विजेची परतवाट

जुनी मोटार बाळगणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. वळायचे म्हणून इंडिकेटर लावावा, तर त्याच्या उघडझापीबरोबर मागचा तांबडा दिवाही डोळे मिचकावू लागतो. ब्रेकवर पाय ठेवावा, तर मागे उजेड पडण्याऐवजी पुढचे पार्किंगचे दिवेच मिणमिणतात! भुताटकीच म्हणा ना. आमच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीला हीच बाधा झाली होती. मिस्त्रींनी बल्ब बदलले, स्विच बदलला, फ्लॅशर बदलला. बिल वाढले, भूत काही हलेना. एका पावसाळी रात्री खंडाळ्याच्या घाटात मागच्या ट्रकने करकचून ब्रेक लावले, तेव्हा मात्र आमचे हसू मावळले. मी थांबतो आहे हे त्याला दिसलेच नव्हते.

यातले इंगित असे. घरातल्या दिव्याला वीज आणायला एक तार आणि न्यायला दुसरी तार असते. जुन्या मोटारीत आणणारी तार असते. परत नेण्याचे काम गाडीचा पत्राच करतो. बॅटरीचे ऋण टोक त्या पत्र्याला जोडलेले असते. (काही जुन्या इंग्लिश गाड्यांत धन टोक जोडलेले आढळेल.) मिस्त्री याला अर्थिंग म्हणतात, पण जमिनीशी त्याचा संबंध नाही. गाडी तर रबरी टायरांवर उभी!

दिव्याचे घर आणि पत्रा यांच्यामध्ये गंज चढला, की ही परतवाट अडते आणि वीज आडवाट शोधते. पुष्कळ गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्ये ब्रेकची २१ वॉटची आणि रात्रीची ५ वॉटची अशा दोन फिलामेंट असतात. ब्रेकची वीज शेजारच्या फिलामेंटमध्ये उलटी शिरते, तिच्या वायरीने थेट पुढच्या दिव्यापर्यंत जाते आणि तिथल्या चांगल्या पत्र्यातून घर गाठते. म्हणून पाय ब्रेकवर आणि उजेड पुढे!

दोष शोधायचा तो दिवा पेटता ठेवून. इथेच बहुतेकजण फसतात. दिवा बंद असताना मल्टिमीटरने जोड तपासला तर तारेचा एखादा धागा जरी टेकलेला असला तरी सारे ठीक दिसते. पण २१ वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या धाग्याला पेलत नाहीत. म्हणून कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा. मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून त्याची एक तार बॅटरीच्या पत्र्याला जोडलेल्या टोकावर, दुसरी बल्बच्या होल्डरच्या धातूवर टेकवा. काटा शून्यापाशी हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, की चोर सापडला. मीटर नसेल तर त्याच दोन जागा एका लांब वायरीने जोडा. दिवा लख्ख झाला तर निदान तेच.

आमच्याकडे मीटरने तीन व्होल्ट दाखवले. डिकीतला एक स्क्रू काढला, तर खाली रंगाचा गुळगुळीत थर! गाडी नव्याने रंगवताना कारागिराने तिथेही हात फिरवला होता. काचकागदाने पत्रा चकाकेपर्यंत घासला, स्क्रू आवळला, वरून व्हॅसलीन लावले. नवा स्क्रू मारायची वेळ आली, तर पलीकडे पेट्रोलची टाकी नाही ना, हे आधी वाकून पाहा बरे.

मग पुन्हा ब्रेक दाबायला लावून मागे जाऊन उभा राहिलो. दोन्ही दिवे सारखे लाल होते.