गोठ्यातले शहाणपण माजघरात का नाही?

(शेतकरी व कारागीर स्त्रीपुरुषांच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही बोलणार आहोत ते आईच्या अंगावरच्या दुधाविषयी. पुरुष मंडळींनी "हा बायकांचा विषय" म्हणून उठून जाऊ नये. लेकरू दोघांचे असते, आणि ते आजारी पडले म्हणजे उसनवारीला तुम्हालाच हिंडावे लागते.

आधी आमचीच चूक सांगतो. आमचे थोरले लेकरू जन्मले, त्याच आठवड्यात आमची गाय व्याली. वासरू धडपडत उभे राहिले तोच वडिलांनी त्याचे तोंड आचळाला लावले. चीक पोटात गेला नाही तर वासराला हगवण लागते, ते दगावते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आणि माजघरात काय चालले होते? बाळंतिणीचा तसाच पिवळा चीक "नासका आहे, बाळाला जड पडेल" म्हणून फडक्यात पिळून टाकला! पोराला मधाचे बोट चाटवून तीन दिवस आईच्या दुधावाचून ठेवले. वासराला जे दिले ते पोटच्या पोराला नाकारले. पोर वाचले, पण ते आमच्या शहाणपणाने नव्हे.

चीक नासका नसतो. गाजराला रंग देणारे द्रव्य त्यात असते म्हणून तो पिवळा दिसतो, आणि रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. तो थोडा येतो हे खरे. पण पहिल्या दिवशी बाळाचे पोट तरी केवढे? जन्मल्यावर तासाच्या आत बाळ छातीला लावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आम्ही काय करतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील शंभर बाळांपैकी सुमारे ४२ बाळांनाच तासाच्या आत आईचे दूध मिळाल्याचे दिसले. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, तरी ही गत! तेव्हा शिकल्यासवरल्यांनी खेड्यातल्या म्हातारीला उगाच हसू नये.

मध, गुळाचे पाणी, घुटी यांची गरज नाही. मधात कधी कधी एका रोगाचे बीज असते. वर्षाच्या आतल्या बाळाचे अंग त्याने लुळे पडू शकते. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको. "उन्हाळ्यात पोराचा घसा सुकेल" असे म्हणतात. पण आईच्या दुधात बहुतेक पाणीच असते. वरून पाणी देण्याची गरज नसते, त्याने हगवण मात्र लागू शकते.

दुसरी समजूत अशी की, बाई उन्हातून आली तर तिचे दूध 'तापते', म्हणून पहिल्या धारा पिळून टाकाव्यात. अहो, दूध छातीत तापत नाही आणि नासतही नाही. खुरपणीहून आलेल्या कुणबिणीने, भट्टीपासून उठलेल्या कुंभारणीने हातपाय धुवावेत, तांब्याभर पाणी प्यावे आणि लेकराला घ्यावे. आईला साधा ताप-पडसे असो की बाळाला हगवण असो, पाजणे बंद करू नये. एखाद्या आजारात वा औषधापायी डॉक्टर नको म्हणतील, तेवढे ऐकावे.

"दूध पुरत नाही" ही तक्रार तर घरोघरची. कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी अंगारा आणतो. शेतकरीदादा, विहिरीचा झरा कशाने मोकळा राहतो? उपसल्याने! दुधाचेही तसेच आहे. बाळ जितके ओढील तितके दूध येते. म्हणून रात्रीही पाजावे. वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते आणि पान्हा खरोखरच आटू लागतो. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी सहा वेळा किंवा अधिक लघवी करते, वजन वाढते, तर दूध पुरते आहे असे समजावे. शंका वाटली तर अंगणवाडीत वजन करून पाहावे, मांत्रिकाकडे जाऊ नये.

डबा व बाटली हे श्रीमंतीचे लक्षण, ही समजूतही सोडा. ज्या बाळाला आई नाही किंवा आईला पाजणे अशक्य आहे, त्याच्यासाठी डॉक्टरच्या सल्ल्याने डबा आणावा आणि वाटी-चमच्याने पाजावे. एरवी गरिबाच्या घरी डबा लवकर संपू नये म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त पडते. त्यात बाटली नीट धुतली जात नाही. अशा दुधाच्या जाहिरातीला आणि डब्यावर बाळाचे चित्र छापायला सरकारने १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती काय उगाच?

आता मुख्य गोष्ट. गाभण गाईला आपण मूठभर पेंड जास्त घालतो. घरची बाळंतीण मात्र सर्वांच्या मागून, उरलेल्यावर जेवते. डिंकाच्या लाडवासाठी कर्ज काढू नका. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे पोटभर द्या, आणि तिला आधी जेवू घाला. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बाईची बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. रोजाने निंदणाऱ्या बाईला ती कोण देणार? तिची रजा आपण घरच्यांनीच द्यायची. पाण्याची घागर नवऱ्याने उचलावी, चूल सासूबाईंनी पाहावी. कामावर जाणे टळत नसेल तर लेकरू बांधावर सोबत न्यावे, आणि मुकादमाने पाजायला उसंत द्यावी.

सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, नाचणीची खीर सुरू करावी. पण दोन वर्षांचे होईपर्यंत आणि पुढेही अंगावरचे चालू ठेवावे.

मंडळी, या कामाला पैसा लागत नाही, पोथी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. गोठ्यात जे शहाणपण आपण रोज वापरतो, तेच माजघरात न्यायचे आहे. यापुढे तुमच्या घरी बाळ जन्मले की पहिल्या तासातच त्याला त्याच्या हक्काचा चीक मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.