खेचरांची वाट



गेल्या वर्षी धाकट्या भावाकडे अमेरिकेस गेलो असता पोटोमॅक नदीकाठच्या जुन्या कालव्याच्या वाटेने दोन-तीन मैल चालण्याचा योग आला. जॉर्जटाउन ते कंबरलँड असा हा 184 मैलांचा कालवा. काम 1828 साली सुरू झाले, 1850 साली संपले. याच वाटेवरून खेचरे कोळशाच्या नावा दोराने ओढीत. रेल्वेपुढे धंदा बसला आणि 1924 च्या पुरानंतर कालवा बंद पडला.

पुढे तेथे मोटाररस्ता करण्याचे घाटले. एका वृत्तपत्राने त्यास पाठिंबा दिला. तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आपल्याबरोबर ती वाट चालून पाहण्याचे आव्हान दिले. मार्च 1954 मध्ये आठ दिवस ही पायपीट चालली. शेवटपर्यंत टिकले नऊच जण. पण संपादकांची लेखणी नरमली, रस्ता बारगळला आणि 1971 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

आपले जुने वाचनालय मोडून तेथे गाळे काढावेत, असे काहींच्या मनात आहे. मी शिक्षक, हट्ट धरणार नाही. विनंती एवढीच, की ठराव करण्यापूर्वी विश्वस्तांनी एक संध्याकाळ तेथे मुलांमध्ये बसून पाहावे.