दोन वेढे म्हणजे किती?

आमच्या घरात एक जुनी सहाण आहे. अम्मीनं तिच्यावर आम्हा पाचही भावंडांची बाळगुटी उगाळली. पुढं माझ्या नातीचीही तिनंच उगाळली. नातीला एकदा जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी विचारलं, "हिरडा किती दिला होता?" अम्मी म्हणाली, "दोन वेढे." डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. दोन वेढ्यांचा आकडा कसा लिहायचा? नात दोन दिवसांत बरी झाली. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

हिरड्याला तुरटपणा येतो तो टॅनिनांमुळे. टॅनिन, गॅलिक आम्ल ही सारी वनस्पतींतली फिनॉलिक संयुगं. फळ कोवळं की पिकलेलं, कुठल्या झाडाचं, किती दिवस साठवलेलं, यावर त्यांचं प्रमाण बदलतं. म्हणजे वेढे दोनच, पण सहाणेवर उतरलेलं औषध दर वेळी वेगळं!

ते मोजण्याची एक रीत वाचली आणि माझ्यासारखा बी.ए. झालेला कवी थक्क झाला. वीज वाहून नेणाऱ्या काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर देतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. ती काच औषधाच्या द्रावणात बुडवून तिच्यावर अतिनील प्रकाश सोडतात. थरातले इलेक्ट्रॉन उसळून तारेकडे धावतात, मागं रिकाम्या जागा उरतात. गॅलिक आम्ल स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन त्या जागा भरतं आणि विजेचा प्रवाह वाढतो. आम्ल जितकं जास्त, तितकी ही वाढ जास्त. ठाऊक प्रमाणाची द्रावणं आधी मोजून ठेवली, की अनोळखी द्रावणाचाही आकडा काढता येतो. द्रावणातल्या पट्टीवर प्रकाश पडला की वीज निर्माण होते, हे एडमंड बेक्रेल या फ्रेंच तरुणानं १८३९ साली दाखवलं होतं. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता.

यातही एक मेख आहे. क जीवनसत्त्वसुद्धा असेच इलेक्ट्रॉन देतं. यंत्राला देणारा कळतो, त्याचं नाव कळत नाही. म्हणून मिश्र औषधातली द्रव्यं बऱ्याचदा आधी वेगळी करावी लागतात. शिवाय आकडा हाती आला, तरी ते औषध बाळाला मानवेल की नाही, हे तो सांगत नाही.

हे सगळं मी अम्मीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग विचार तुझ्या त्या दिव्याला, माझे दोन वेढे म्हणजे किती?"

मात्र त्या दिवसापासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिनं गुटी उगाळलेली नाही.