उजेड, औषध आणि रक्तवाहिन्या

अतिदक्षता विभागात सलाइनच्या एखाद्या बाटलीला चंदेरी कागद गुंडाळलेला तुम्ही पाहिला असेल. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध असंच झाकून देतात. रक्तदाब धोक्याच्या पातळीला गेला की ते शिरेतून सोडतात आणि दाब काही मिनिटांत उतरतो. त्याच्या रेणूत नायट्रिक ऑक्साइड बांधलेलं असतं. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल करतो. उजेड लागला तर मात्र औषध बाटलीतच फुटू लागतं. रंग बदलतो आणि ते फेकून द्यावं लागतं.

प्रकाशानं रेणू फुटतात, हे मुंबईच्या माटुंग्याला नवं नाही. आपल्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत, डॉ. के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांचा मोठा अभ्यास उभा केला. गच्चीवर वाळत घातलेल्या साडीचा रंग उन्हानं विटतो, तिथेही रेणूच मोडत असतो. रंगवाल्यांना हा दोष वाटतो. औषध शोधणाऱ्यांना त्यातच वाट दिसली: रेणू असा बांधायचा, की अंधारात तो गप्प राहील आणि प्रकाश पडेल तिथेच नायट्रिक ऑक्साइड सोडेल. म्हणजे सगळ्या शरीराचा दाब न पाडता एकच अरुंद रक्तवाहिनी रुंदावता येईल.

या विचाराचं मूळ जुनं आहे. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या प्रकाशात सैल पडतात, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९५५ मध्येच नोंदवलं होतं. पुढे १९९८ चं नोबेल त्यांना नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामासाठी, इग्नारो आणि मुराद यांच्यासह मिळालं.

अडचण आहे ती आपल्या कातडीची. अतिनील आणि निळा प्रकाश वरच्या थरातच अडतो. तांबडा काही मिलिमीटर आत जातो, पण त्याची ऊर्जा कमी, म्हणून त्याला दाद देणारे रेणू घडवणं कठीण. ही संयुगं मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत. तेव्हा लाल दिव्यानं ब्लडप्रेशर बरं करतो म्हणणाऱ्या जाहिरातीवर पैसे घालवू नका आणि चालू गोळ्या तर मुळीच बंद करू नका.

आज अनेक घरांत असते ती हृदयामुळे छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही गोळी. तीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच देते. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच घ्या. शेजारच्या आजोबांना छातीत दुखतंय म्हणून आपली गोळी त्यांना देऊ नका. त्यांचा दाब आधीच कमी असेल तर ते कोसळतील. गोळी बसून घ्यायची, कारण चक्कर येते. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही, तर १०८ ला फोन लावा. याच कामाच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या असतील तर त्या मूळच्या गडद काचेच्या बाटलीतच ठेवा, प्लास्टिकच्या डबीत काढू नका. आणि पुरुषांनी संकोच सोडून डॉक्टरांना सांगावं, की आपण लैंगिक दुर्बलतेवरच्या सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या गोळ्या घेतो का. या गोळ्यांबरोबर सॉर्बिट्रेट घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो.